अर्ध्यावरचा झेंडा

आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काय चाललंय हे विचारायची पद्धत नाही. बागेतल्या काठीकडे बघायचं. काठीवर नुसती लाल-पांढरी अरुंद पट्टी फडफडत असेल तर सगळं ठीक. पुरता झेंडा टोकाला चढला असेल तर वाढदिवस, नाहीतर मुलगी घरी आलेली. आणि झेंडा अर्ध्यावर असेल तर त्या घरातलं कुणीतरी गेलं. मग बाकीच्यांनी आपापली पट्टी उतरवायची, झेंडा आधी थेट टोकापर्यंत न्यायचा आणि तिथून सावकाश अर्ध्यावर आणायचा. कुणी कुणाला सांगत नाही. डावीकडचा बघून उजवीकडचा करतो आणि कॉफी होईपर्यंत सबंध गल्ली सुतकात बसते.

पाहुण्यांना हे फार सुंदर वाटतं. मलाही वाटायचं, त्या सप्टेंबरपर्यंत.

झेंड्याच्या बाबतीत आमच्या गल्लीची फौजदार म्हणजे रिग्मोर. शाळेतून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण हातातली छडी काही सुटली नाही. सूर्य मावळला आणि कुणाचा झेंडा वर राहिला की ही त्याच्या फाटकाशी हजर. "प्रेबेन, तुझ्याकडे सूर्य उशिरा मावळतो का रे?" झेंड्याचं टोक चुकून गवताला टेकलं तर हातातून तान्हं मूल पडल्यासारखा तिचा चेहरा व्हायचा. तिचा स्वतःचा झेंडा इस्त्री करून खणात ठेवलेला असतो. आम्ही तिच्या पाठीमागे हसायचो आणि तिच्या तोंडावर दोरी ओढायला धावायचो.

तिचा नवरा अक्सेल अगदी उलट. मऊ माणूस. दर वसंतात तेलाचा डबा घेऊन गल्लीभर फिरायचा आणि प्रत्येकाच्या काठीच्या टोकाची कप्पी साफ करून द्यायचा. त्यासाठी काठी आडवी करावी लागते आणि ते एकट्याचं काम नाही. जोडीला असायचा तोर्किल, माझ्या घरासमोर राहणारा. तोर्किलने जन्मभर फेरीबोटींची इंजिनं सांभाळली, लग्न केलं नाही, आणि बोलणं तर जवळजवळ नाहीच. दोघं मिळून काठी निजवायचे, तेल घालायचे, उभी करायचे आणि मग अक्सेलच्या शेडमध्ये बसून एकेक बिअर प्यायचे. कुणाचा वाढदिवस कधी, कुणाच्या लग्नाला किती वर्षं झाली, हे सगळं अक्सेलच्या डोक्यात असायचं. आम्ही त्याच्या जिवावर चांगले शेजारी होतो.

अक्सेल त्या सप्टेंबरच्या पाच वर्षं आधी गेला. त्याला पोचवायच्या दिवशी गल्लीतला एकूण एक झेंडा अर्ध्यावर होता. फक्त तोर्किलची काठी उघडी. झेंडा नाही, पट्टीसुद्धा नाही. रिग्मोरची गाडी चर्चकडे निघाली तेव्हा तिने ते बघितलं. मी मागच्या सीटवर होते, मीही बघितलं. तोर्किल चर्चमध्ये आला होता, अगदी शेवटच्या बाकावर बसला होता, आणि नंतरच्या कॉफीला न थांबता निघून गेला.

"जिवाभावाचा मित्र म्हणे," रिग्मोर तेव्हा एवढंच म्हणाली.

त्यानंतर तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. तो रस्त्याने आला की ती खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. असं का केलंस बाबा, हे तोर्किलला कुणीच विचारलं नाही. दुसऱ्याच्या काठीत नाक खुपसायचं नाही असं आम्ही समजतो, आणि त्याला सभ्यपणा म्हणतो.

तर त्या सप्टेंबरात एका सोमवारी दुपारी तोर्किलच्या दारात अँब्युलन्स आली. त्याला खुर्चीत बसवून नेलं, तोंडावर नळी लावलेली. मी पडद्याआडून बघितलं. शेजारच्या प्रेबेननेही त्याच्या पडद्याआडून बघितलं असणार, कारण संध्याकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना तो म्हणाला, "हृदयाचं दिसतंय."

"असेल," मी म्हटलं. "फोन करून बघायचा का?"

"आजारी माणसाला आराम लागतो, एस्टर. उगाच कशाला त्रास द्यायचा."

मला ते पटलं. फार लवकर पटलं. हॉस्पिटल पुलापलीकडे स्वेनबोरला आहे, गाडीने जेमतेम अर्धा तास. मंगळवारी माझी सफरचंदं उतरवायची होती. बुधवारी पाऊस होता. गुरुवारी काय होतं ते आता आठवतही नाही.

शुक्रवारी सकाळी कॉफीचा पेला घेऊन खिडकीशी आले आणि बघितलं तर तोर्किलच्या बागेत झेंडा. अर्ध्यावर.

पेला खाली ठेवला. बिचारा एकटाच गेला असं मनात आलं आणि डोळे भरून आले. आणि खरं सांगायचं तर लगेच दुसरा विचार आला, माझा झेंडा धुतलेला आहे ना? धुतलेला होता. मी कोट चढवला, बाहेर गेले, पट्टी उतरवली, झेंडा टोकाला नेला आणि अगदी शास्त्राप्रमाणे सावकाश अर्ध्यावर आणला. मागे वळले तर प्रेबेन त्याच्या दोरीशी उभा होता. त्याच्या पलीकडचेही बाहेर आले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. हवा पडली होती, झेंडे काठीला चिकटून लोंबत होते. असल्या वेळी आम्ही फार चांगले दिसतो.

फक्त रिग्मोरच्या काठीवर रोजची पट्टी होती.

प्रेबेन आमच्या गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष. तो काळा कोट घालूनच माझ्याकडे आला. "गेला गं तोर्किल."

"तुला कुणी कळवलं?"

"कळवणार कोण? त्याचं असं आहे कोण मागे? झेंडा आहे ना. ती मदतनीस बाई येते त्याच्याकडे, नवीन, बेटिना. तिने लावला असणार. चांगली दिसते बाई, रीत कळते तिला." मग रस्त्याकडे बघून आवाज खाली आणला. "रिग्मोरचं काय करायचं?"

"तिचं ती बघेल."

"असं कसं? सगळ्या गल्लीत एक काठी तशीच? लोक काय म्हणतील?"

म्हणून आम्ही दोघं तिच्या फाटकाशी गेलो. ती गुलाबाची वाळलेली फुलं छाटत होती. आम्हाला बघून कात्री थांबवली नाही.

"रिग्मोर," प्रेबेनने खाकरून सुरुवात केली, "तोर्किलचं कळलं ना?"

"डोळे आहेत मला."

"मग... म्हणजे, झेंडा खणात राहिलाय की काय तुझा?"

"खणातच राहणार आहे."

"अगं, माणूस गेला. आता तरी सोडून दे."

तेव्हा तिने कात्री खाली केली. "तू मला झेंडा शिकवतोस, प्रेबेन? तू? गेल्या जूनमध्ये रात्रभर बाहेर विसरलेला झेंडा सकाळी मी तुला फोन करून काढायला लावला. अक्सेलला चर्चमध्ये नेलं त्या दिवशी याची काठी उघडी होती. सगळ्या गावाने बघितली. चाळीस वर्षं माझ्या नवऱ्याच्या शेडमध्ये बसून बिअर ढोसली आणि एक दोरी ओढवली नाही याला. मेला तर मेला. माझा झेंडा त्याच्यासाठी अर्ध्यावर येणार नाही. त्याने त्या दिवशी उघडी काठी दाखवली तशी मी आज माझी दाखवणार."

आणि आमच्यादेखत जाऊन तिने आपली पट्टीही उतरवली. काठी अगदी नागडी केली. पट्टीची नीट घडी घालून ती बगलेत मारली आणि आत गेली.

"बाई नाही, दगड आहे," प्रेबेन पुटपुटला. मला तिचा राग आला होता आणि थोडं बरंही वाटत होतं. तिच्या शेजारी उभं राहिलं की आपण फार प्रेमळ वाटतो.

मग आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसलो आणि तोर्किलच्या अंत्यविधीचं ठरवू लागलो. त्याचं कुणी नाही म्हटल्यावर कॉफी गल्लीनेच द्यायला हवी. मी केकचे थर भाजायला घातले, अंत्यविधी कधी हे कळायच्या आधीच. हाताला काम असलं की दुःख बरं चालतं.

"किती शांत माणूस होता," प्रेबेन म्हणाला.

"कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"मी रविवारी जाणारच होतो भेटायला."

"मी तर सूप घेऊन जाणार होते. कोंबडीही काढून ठेवली होती फ्रीजरमधून."

कोंबडी फ्रीजरमध्येच होती. पण मी हे इतकं छान म्हटलं की मलाच खरं वाटलं, आणि प्रेबेनने रुमाल काढून नाक पुसलं. चर्चमध्ये कोण बोलणार हा प्रश्न आला तेव्हा तो जरा संकोचून म्हणाला की अध्यक्ष या नात्याने आपणच बोलू. मग एकदम अडला.

"एस्टर, बोटीवर होता ना तो? कुठल्या?"

मला माहीत नव्हतं.

क्रीम घुसळत होते तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. टॅक्सी होती. मागचं दार उघडलं आणि आधी एक टेकायची काठी बाहेर आली, मग एक सपात घातलेला पाय, आणि मग तोर्किल. बारीक झालेला, दाढी वाढलेली, हातात प्लॅस्टिकची पिशवी. टॅक्सी निघून गेली. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि वर बघू लागला. एका काठीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. सगळीकडून त्याच्याचसाठी झेंडे लोंबत होते.

प्रेबेन माझ्यामागे होता. "देवा," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. आणि मग त्याने जे केलं ते बघून मला आजही त्याची कीव येते. तो मागच्या दाराने पळत आपल्या बागेत गेला आणि दोरी सोडून झेंडा खाली ओढायला लागला. गाठ सुटली आणि सगळा झेंडा भसकन गवतावर येऊन पडला, चिखलात. तो गोळा करून पोटाशी धरून प्रेबेन तसाच उभा राहिला. इतर घरांतही दारं उघडत होती, आपटत होती. कुणी खाली ओढत होतं, कुणी घाईत वर चढवत होतं. मी मात्र दाराच्या चौकटीतच खिळले. हातात क्रीमचं भांडं. माझा झेंडा अर्ध्यावरच राहिला.

तोर्किल माझ्या दाराशी आला.

"एस्टर," तो म्हणाला, "मी कधी गेलो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तोर्किल, तुझ्या काठीवर... तुझा झेंडा अर्ध्यावर होता..."

त्याने वळून स्वतःच्या काठीकडे बघितलं. "बेटिनाला फोन करून सांगितलं होतं. म्हटलं, आज ऐंशी पुरी होतायत, घरी येईन तेव्हा झेंडा वर दिसू दे. त्या बिचारीने ओढला असेल. कप्पी अडकली." जरा थांबून म्हणाला, "परत."

त्याचा वाढदिवस. ऐंशीवा. त्या दिवशी सबंध गल्लीने पहाटे उठून त्याच्या दारात गाणं म्हणायला जायचं असतं, टेबलावर इवले इवले कागदी झेंडे मांडायचे असतात. आम्ही काळे कोट घातले होते.

"आत ये," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार. "केक आहे."

"माझ्या अंत्यविधीचा?" त्याने विचारलं. मी मान खाली घातली. "चालेल," तो म्हणाला. "तो खायला मिळेल असं वाटलं नव्हतं."

थोड्या वेळाने माझं टेबल भरलं. बोलावलं कुणालाच नव्हतं, पण घरी बसवतही नव्हतं कुणाला. प्रेबेन आला, काळा कोट काढून स्वेटर घालून. आणखी दोन-तीन घरची माणसं आली. मी खणातून कागदी झेंडे शोधून काढले आणि केकमध्ये टोचले, आणि ते टोचताना माझे कान तापले. सगळ्यांनी गाणं म्हटलं. इतकं हळू म्हटलं की ते चर्चमधलं वाटलं. आणि मग दार वाजलं आणि रिग्मोर आत आली. तिलाही टॅक्सी दिसली होती. गल्लीतला कुणी ऐंशीचा झाला आणि टेबलावर आपण नाही, हे तिच्या रीतीत बसत नव्हतं. ती दाराजवळच्या खुर्चीवर ताठ बसली, तोर्किलकडे न बघता म्हणाली, "अभिनंदन."

"थँक्यू, रिग्मोर," तो म्हणाला.

कॉफी ओतली. प्रेबेनचं तोंड सुटलं ते बंदच होईना. तब्येत कशी, डॉक्टर काय म्हणाले, हवा किती छान पडलीय. तोर्किल सावकाश खात होता. मग त्याने काटा खाली ठेवला.

"वळणावरून टॅक्सी आत आली ना," तो म्हणाला, "तेव्हा लांबून नुसते झेंडे दिसले. सगळ्यांकडे. ड्रायव्हरला म्हटलंसुद्धा, बघ, माझ्या ऐंशीसाठी आख्ख्या गल्लीने लावलेत. जवळ आल्यावर नीट दिसलं."

त्याने कॉफीचा घोट घेतला.

"मग रिग्मोरची काठी दिसली. मोकळी. म्हटलं, चला, एका तरी माणसाने मला पुरलं नाही. हिने हॉस्पिटलात फोन करून विचारलेलं असणार, मी आहे की गेलो. म्हणून हिने लावला नाही." त्याने तिच्याकडे बघितलं. "बरं वाटलं मला, रिग्मोर."

मी माझ्या कपात बघितलं. प्रेबेनने त्याच्या कपात बघितलं. सकाळचे तिचे शब्द आम्ही दोघांनी ऐकले होते, आणि एव्हाना बाकीच्यांच्याही कानावर गेले होते, कारण प्रेबेनच्या पोटात काही राहत नाही. मेला तर मेला. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. तोर्किलने स्वतःहून दार उघडून दिलं होतं, तिने मान डोलावली असती तर ती त्यातून मानाने बाहेर पडली असती, आणि तिच्या मागोमाग आम्हीही. मी मनातल्या मनात म्हणत होते, गप्प बस, रिग्मोर, देवासाठी गप्प बस. हे मी तिच्यासाठी म्हणत नव्हते. तिने खरं सांगितलं असतं तर आमच्याकडेही कुणीतरी वळलं असतं.

तिने कप बशीत ठेवला. तो खणखणला.

"नाही," ती म्हणाली. "मी फोन केला नाही."

"राहू दे," तोर्किल म्हणाला.

"राहू दे काय? मला वाटलं तू गेलास. मी मुद्दाम लावला नाही. अक्सेलच्या दिवशी तुझी काठी उघडी होती म्हणून. या दोघांसमोर बोलले मी, काय बोलले ते विचार त्यांना." तिचा आवाज चिरकत होता, पण थांबत नव्हती. "तुझ्या मरणावर मी पाच वर्षांचा राग काढला. आणि तू जिवंत. पट्टीसुद्धा उतरवली, तोर्किल. घडी घालून."

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"काठी बघितल्यावरच कळलं. तुला ओळखतो मी." त्याने केकमधला एक कागदी झेंडा उपसला आणि बोटांत फिरवू लागला. "त्या दिवशी पहाटेच लावायला गेलो होतो मी. रीतीप्रमाणे आधी टोकाला नेला. आणि तिथे अडकला. वरच. अर्ध्यावर येईना, खाली येईना. त्याआधीच्या वसंतात अक्सेलला अंथरुणातून उठवत नव्हतं, कप्पीला कुणी तेल घातलं नव्हतं. आणि वर तो असा फडफडत होता, लग्न असल्यासारखा. अक्सेल चर्चमध्ये, आणि माझ्या दारात पुरा झेंडा! शिडी लावली, चाकूने दोरी कापली, झेंडा काढला. हाताशी दुसरी दोरी नव्हती. म्हणून उघडी."

"मग सांगितलं का नाहीस?" रिग्मोरने विचारलं. अगदी हळू.

"आलो होतो फाटकापर्यंत. आलो होतो बऱ्याचदा. तू पडदा ओढायचीस."

रिग्मोरने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. एवढी ताठ बाई, पण त्या खुर्चीत ती लहान दिसायला लागली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, आम्हाला काहीतरी करता आलं असतं.

"पण तुला माहीत होतं तर," ती शेवटी म्हणाली, "मी फोन केला असं का म्हणालास?"

तोर्किलने खांदे उडवले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर सोसला असता.

"नर्सला रोज विचारायचो, कुणाचा फोन आला होता का. ती म्हणायची, नाही. भली होती, शेवटी शेवटी मी विचारायच्या आधीच दुसरं काहीतरी बोलायला लागायची." त्याने कागदी झेंडा केकमध्ये परत टोचला, होता त्याच भोकात. "कुणीतरी केला होता असं म्हणून बघितलं. कसं वाटतं ते."

माझ्या जिभेच्या टोकाशी सूप होतं, कोंबडी होती. ते सगळं मी गिळलं. आम्ही सगळे त्याच्यासाठी झेंडा अर्ध्यावर आणायला धावलो होतो. कॉफीसुद्धा अर्धी टाकून धावलो होतो.

दुपारी आम्ही त्याची काठी निजवली. रिग्मोर घरून अक्सेलचा तेलाचा डबा घेऊन आली, तो शेडमध्ये त्याच खिळ्यावर लटकत होता. प्रेबेन आणि मी काठी धरली, तोर्किल खुर्चीवर बसून सूचना देत होता, आणि ती गुडघ्यावर बसून कप्पीतला गंज खरवडत होती. नवीन दोरी ओवली. काठी उभी केली आणि झेंडा टोकाला गेला, सरसर, कुठे न अडकता. मग तिने आपल्या घरी जाऊन आपला इस्त्रीचा झेंडा काढला आणि वर चढवला. आम्हीही चढवले. प्रेबेनचा चिखलाने भरला होता, त्याने धुवायला टाकला होता, त्याची एकट्याची काठी मोकळी राहिली. ऐंशीव्या वाढदिवसाच्या झेंड्यांना सूर्य मावळायच्या आधी जेमतेम दोन-तीन तास मिळाले. मावळायच्या वेळी आम्ही ते उतरवले. त्या दिवशी कुणाला आठवण करून द्यायला रिग्मोर फाटकाशी आली नाही.

भांडी घासून झाली, उरलेला केक झाकून ठेवला. समोर तोर्किलच्या खिडकीत दिवा लागला होता. मनात आलं, फोन करावा. गोळ्या घेतल्या का, काही हवं आहे का, नुसतं विचारावं. रिसीव्हर उचलला आणि तसाच हातात राहिला. बावीस वर्षं मी त्याच्या काठीकडे बघून चहा-कॉफी प्यायले. त्याचा नंबर मला माहीत नव्हता.

दार वाजलं. रिग्मोर उभी होती, कोट न घालता आलेली.

"एस्टर," ती म्हणाली, "तुझ्याकडे तोर्किलचा नंबर आहे का गं?"

"नाही."

ती तिथेच उभी राहिली. मीही. त्याचं दार रस्त्यापलीकडेच होतं.